पेअर, ॲपल, अवरग्लास : या तक्त्यांचा आपल्याला उपयोग किती?

मांडवीकाठ (पणजी)

चवथ (गणेश चतुर्थी) जवळ आली की खरेदी सुरू होते आणि खरेदीबरोबर तो तक्ताही फिरायला लागतो. आमच्या बायकांच्या गटात यंदाही तो आला. बांध्याचे पाच प्रकार: पेअर (सीट रुंद), ॲपल (पोटाकडे भरलेला), रेक्टँगल (वरपासून खालपर्यंत सरळ), अवरग्लास (छाती-सीट भरलेली, कंबर बारीक) आणि उलटा त्रिकोण (खांदे रुंद). आपला प्रकार शोधायचा आणि त्याखाली लिहिलेले कपडे घ्यायचे. पोट असेल तर छातीखालून घेर सुटणारा कुर्ता, सीट मोठी असेल तर खाली गडद रंग आणि खांद्यावर झालर, उंची कमी असेल तर उभ्या रेघा. मला हा प्रकार बायकांना भलतीकडेच बघायला लावणारा वाटतो. त्यावर नीट बोलणं व्हावं म्हणून हा धागा.

तक्ता फक्त समोरून दिसणारी कड पाहतो. कपडा मात्र अंगाभोवती गोल फिरतो. ओढ बसते ती छातीच्या उभारावर, पोटावर, पाठीच्या बाकावर. समोरून सारख्या दिसणाऱ्या दोघींना एकच कुर्ता वेगवेगळ्या जागी घट्ट होतो, तो त्यामुळेच.

दुसरं म्हणजे तक्त्यातला प्रत्येक सल्ला सगळ्यांना शेवटी अवरग्लासकडे ढकलतो. २००५ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी सहा हजारांहून जास्त बायकांची मापं अभ्यासली. त्यात ४६ टक्के जणी सरळ, आयताकृती बांध्याच्या निघाल्या आणि अवरग्लास जेमतेम ८ टक्के. त्या तिकडच्या बायका, आपल्याकडचं प्रमाण वेगळं असेल. पण जो बांधा तिथेही शंभरात आठ जणींचा, तो बाकीच्या ब्याण्णव जणींनी कापडाने उभा करायचा, तो का?

आणि माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट आपली हवा. लांब जॅकेट, थरावर थर, आत आवळणारं शेपवेअर, हे सल्ले थंड मुलखातले. इथे मे महिन्यात आणि पावसात घाम वाळतच नाही. आता साडीखाली घालायचे ते लायक्राचे फिशकट परकर बघा. मांड्यांपासून खाली आवळत जातात. चवथीला आपण जमिनीवर बसतो, आरतीला उठतो, रात्री फुगडी घालतो. त्या परकरात धड मांडी घालून बसता येत नाही, फुगडी लांबच राहिली.

म्हणून माझं म्हणणं: बांध्याचं नाव विसरा. आधी खांदा पाहा. शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशी बसली पाहिजे. मग मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेभोवतीचा गोल काप. हात वर केल्यावर अख्खा कुर्ता वर येत असेल तर मुंढा फार खोल कापलाय. त्यानंतर बाजूचे कट कुठून सुटतात आणि उंची कुठे संपते ते. एवढं जुळलं की कंबर मोठी की सीट मोठी, हा प्रश्न उरत नाही.

शाळेची घंटा (फोंडा)

ताई, तुमच्या शेवटच्या वाक्याला माझा पूर्ण विरोध आहे. प्रश्न उरतो, आणि रोज सकाळी उरतो.

माझे खांदे अरुंद, सीट रुंद. रेडीमेड कुर्ता खांद्याच्या मापाने घेतला तर बाजूचे कट फाकतात आणि कापड सीटवर अडकून बसतं. सीटच्या मापाने घेतला तर खांदे दंडावर उतरतात. हा बांधा कितीतरी जणींचा आहे, त्याला नाव आहे आणि त्यावर उपाय आहे, हे मला त्या तक्त्यानेच सांगितलं. नाव कळलं म्हणून मी ए-लाइन आणि कळ्यांचे कुर्ते शोधायला लागले. त्यांचा घेर वरून खाली वाढत जातो, त्यामुळे खांदा नेमका बसतो आणि खाली जागाही मिळते. सरळ कापाचा कुर्ता मी आता हातातही घेत नाही. यात अवरग्लास व्हायची हौस कुठे आली? मी दिवसभर फळ्यासमोर उभी असते, मागे अख्खा वर्ग बसलेला असतो. दर दोन मिनिटांनी कुर्ता खाली ओढावा लागू नये, एवढंच मला हवं असतं.

शिवाय पँट आणि सलवार काही खांद्यावर बसत नाहीत. तिथे सीटच आधी. म्हणजे कुठलं माप आधी धरायचं हे ठरवायला बांधा ओळखावाच लागतो.

शेपवेअर परकर रोज नको, हे मान्य. पण क्रेपची किंवा जॉर्जेटची साडी असेल तर सुती परकराच्या चुण्या आणि नाडीची गाठ वरून दिसते. लग्नात चार तास उभं राहायचं असलेल्या बाईने तो घातला तर तिची कीव करू नका. तिने विचार करून घातलेला असतो.

कात्री-दोरा (म्हापसा)

मी शिवते. दोघींचं म्हणणं वाचलं आणि दोन्ही अपुरी वाटली.

गिऱ्हाईक येऊन सांगतं, छाती ३८. एकीची पाठ रुंद असते आणि छाती बेताची. दुसरीची पाठ अरुंद आणि छाती भरलेली. टेप दोघींना ३८च दाखवते. पहिलीला मागच्या भागात कापड वाढवावं लागतं. दुसरीला पुढची उंची वाढवून टक्स (गोलाईसाठी कापड दुमडून घातलेल्या शिवणी) खोल घ्यावे लागतात, नाहीतर कुर्ता पुढून उचलला जातो आणि मागून लोंबतो. हे तक्त्यात दिसत नाही आणि खांदा पाहूनही कळत नाही.

रेडीमेडमध्ये एका मूळ मापावरून ठरलेल्या अंतराने लहानमोठी मापं काढतात. छाती वाढवली की त्याबरोबर खांदाही वाढवतात. बाईचं अंग भरलं म्हणून तिची हाडं काही रुंद होत नाहीत. मोठ्या मापाच्या कुर्त्यांचे खांदे उतरतात ते त्यामुळे. आपल्या लोकांच्या अंगावरून आपला मापतक्ता व्हावा म्हणून निफ्ट या फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने इंडियासाइज नावाचा प्रकल्प हाती घेतला: सहा शहरं, १५ ते ६५ वयाची २५ हजार माणसं, थ्री-डी स्कॅनरने मापं. दुकानातल्या कपड्यांवर त्याचा परिणाम दिसला तर मला आनंदच होईल. तोवर कपडा घेतल्यावर दुरुस्तीचा खर्च धरूनच चाला. घ्यायचा तो खांद्याला बसणारा आणि बाजूच्या शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड असलेला. माया असेल तर कंबर, छाती थोडी सैल करता येते. खांदा लहान करायचा तर बाही उसवून मुंढा नव्याने कापावा लागतो, अर्धा कुर्ता परत शिवण्याएवढं काम.

ब्लाउजचं वेगळं सांगते, कारण इथे सगळ्यात जास्त गोंधळ असतो. भरलेल्या छातीला कटोरी (छातीचा भाग वाटीसारखा वेगळा कापून जोडलेला) किंवा प्रिन्सेस कट (छातीवरून खाली जाणाऱ्या लांब शिवणी) चांगला, कारण गोलाई शिवणीतूनच मिळते. छाती बेताची असेल तर कटोरी टोकाशी पोकळ राहते, तिथे साधे टक्स बरे. दंड जाड असतील तर लोक घाईने बाही सैल करतात. सैल बाहीची कड लांब उभी राहते आणि दंड आणखी रुंद दिसतो. बाही दंडाच्या सगळ्यात जाड भागावर न संपवता कोपराच्या जरा वर आणा आणि काखेत चौबगळा घाला. जुन्या चोळ्यांत तो चौकोनी तुकडा असायचाच. त्याने मुंढा खोल न कापता हात मोकळा फिरतो. आता कुणी मागत नाही, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

मी ख्रिस्ती लग्नांचे गाऊनही शिवते. तिथे उरेप, म्हणजे तिरकं कापलेलं सॅटिन भरलेल्या अंगावर इतकं सुंदर बसतं की तक्त्यातला 'अंगाला चिकटणारं टाळा' हा नियम मला पटतच नाही. फक्त कापून झाल्यावर गाऊन रात्रभर टांगून ठेवावा लागतो. कापड आपल्या वजनाने उतरतं, मग खालची कड सारखी करायची. घाई केली की लग्नाच्या दिवशी कड वरखाली दिसते.

ओली माती (मडगाव)

वरचं सगळं वाचून मला एक विचारायचंय. 'शोभणं' म्हणजे बारीक दिसणं, हे आपण कधी ठरवलं? पोट झाकायचं, सीट लपवायची, दंड लहान करायचे. सगळ्या युक्त्या बाईचं अंग कमी करण्याच्या.

आपल्याच मातीतली कुणबी साडी बघा. लाल चौकडीचं जाड सुती कापड, गुडघ्याच्या आसपास संपणारं, पदराची गाठ खांद्यावर. ना टक्स, ना माप. शेतात वाकणारी कुठल्याही अंगाची बाई तेच कापड नेसायची आणि ते प्रत्येकीवर वेगळं दिसायचं. गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ती साडी पुन्हा विणून घेतली आणि फॅशनच्या मंचावर नेली. २०१४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे कपडेही असेच: साधे, सुटसुटीत, इथल्या हवेचे. कापडाने अंगाबरोबर चालावं, अंगाने कापडाच्या मापात बसायची गरज नाही, हे गोव्याला नवं नाही. मी स्लीव्हलेस घालते, दंड जाड असूनही. छान दिसते.

आजीचं कपाट (डिचोली)

बाळा, तू स्लीव्हलेस घाल, छानच दिसत असशील. पण कुणबी साडीचं तू मांडलंस ते मला पटलं नाही. त्या बायका चिखलात लावणी करत होत्या. कापड भिजू नये म्हणून आखूड, सुटू नये म्हणून गाठ. त्यांनी ते पाच पर्यायांतून निवडलं नव्हतं. आज आपल्यापुढे पर्याय आहेत आणि त्यांतून निवडताना बाई स्वतःकडे नीट बघत असेल तर त्यात कमीपणा नाही.

माझं वय साठीच्या पुढे. पाळी गेल्यावर कंबर भरते, खांदे पुढे वाकतात, पाठ थोडी गोल होते. तिशीतले ब्लाउज अंगाला तर होत नाहीतच, पण नवे त्याच पद्धतीने शिवले तरी मागचा गळा फाकतो, कारण पाठीला आता उंची जास्त लागते. शिवणारीला हे सांगितलं तेव्हा तिने मागचा भाग वाढवला आणि गळा मागून वर घेतला. आता दिवसभर पदर सावरत बसावं लागत नाही. बांधा बदलतो, तो बदल ओळखायचा आणि त्याप्रमाणे शिवायचं. याला 'अंग लपवणं' म्हणणं अन्याय आहे.

प्रकाशकिरण (वास्को)

उभ्या रेघांबद्दल थोडं. एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवलं होतं की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उंच आणि अरुंद वाटतो, उभ्या रेघांचा रुंद. २००८ मध्ये यॉर्क विद्यापीठातल्या पीटर थॉम्पसन यांनी हेच कपड्यांवर तपासलं. आडव्या रेघांमुळे बाई जाड दिसते या समजाला आधार मिळाला नाही. तक्त्यातला सगळ्यात प्रसिद्ध नियमच असा असेल तर बाकीच्यांवर किती भरवसा ठेवायचा?

कात्री-दोरा (म्हापसा)

चित्रातली रेघ सरळ राहते हो. होजिअरीच्या घट्ट टी-शर्टवरची रेघ पोटावरून वाकते आणि ती वाकलेली रेघच नजरेत भरते. सैल सुती कुर्त्यावर आडव्या रेघा मीही बिनधास्त देते. घट्ट कपड्यावर देणार नाही, शास्त्र काहीही म्हणो.

मांडवीकाठ (पणजी)

शाळेची घंटा, खालच्या कपड्याला सीट आधी, यात वादच नाही. माझं बोलणं वरच्या कपड्यापुरतं होतं. पण तुमचं उदाहरण मला माझ्याच बाजूचं वाटतं. तुमचा उपाय 'खांद्याला बसणारा आणि खाली सुटणारा कुर्ता' असा आहे. तो शोधायला स्वतःला फळाचं नाव द्यावं लागलं, याचंच मला दुःख आहे. बारा-तेरा वर्षांच्या मुली आरशासमोर उभ्या राहून 'मी पेअर आहे' म्हणतात तेव्हा त्यांना कळ्यांचा कुर्ता सुचलेला नसतो, आपल्यात काहीतरी बिघडलंय एवढंच कळलेलं असतं.

शाळेची घंटा (फोंडा)

मुलींचं खरं आहे, वर्गात बघते. पण तक्ता नसता तरी त्यांना कुणीतरी 'जाडे' म्हटलंच असतं. तो शब्द जास्त लागतो, आणि त्याच्याखाली कुठल्या कुर्त्याचं नाव लिहिलेलं नसतं. माझं मत बदललेलं नाही.

पहिली चवथ (पेडणे)

मध्येच विचारते. लग्नानंतरची पहिली चवथ आहे. पोट पुढे, पाय बारीक, खांदे रुंद. साडी नेसायची की अनारकली? घरात खूप माणसं असतील आणि स्वयंपाकघरात बराच वेळ जाईल.

आजीचं कपाट (डिचोली)

साडीच नेस बाय, पहिली चवथ आहे. कडक खळीची नको, ती पोटावर फुगते. मऊ सुती घे. निऱ्या बेंबीच्या किंचित डावीकडे खोच आणि पदराच्या चुण्या अरुंद ठेव.

मांडवीकाठ (पणजी)

मी अनारकलीही घेणार नाही, चुलीपाशी तो घेर सांभाळणं अवघड. बारीक पायांना सरळ सुती पँट आणि गुडघ्यापर्यंतचा मलमलचा कुर्ता. साडी आरतीपुरती. करडा, आकाशी असा मधल्या छटेचा रंग नको, घामाचा डाग त्यावर लगेच उठतो.

कात्री-दोरा (म्हापसा)

काहीही ठरव, पण रुंद खांद्यांना बंद गळा शिवू नकोस, व्ही किंवा खोल चौकोनी गळा घे. आणि कापड याच आठवड्यात कुणाकडे तरी टाक. चवथीच्या तोंडावर कुठलीही शिवणारी एकदा घालून बघायला बोलावत नाही, आणि घालून बघितल्याशिवाय पोटाकडची उंची बरोबर येत नाही.