गळाच्या पुडीवर ‘लिमरिक’ कशाला?

धानपट्टी: मालगुजारी तलावावर मरळीसाठी आणलेल्या गळाच्या पुडीवर ‘लिमरिक’ छापलंय. लिमरिक म्हणजे पाच ओळींची कविता ना जी? दोन्ही नावं एकच का?

तळेकाठ: एकच. लिमरिक हे आयर्लंडमधलं शॅनन नदीवरचं जुनं शहर. आयरिशमध्ये त्याला ‘लिम्नख’ म्हणतात. व्हायकिंगांनी ९२२ मध्ये तिथं ठाणं बसवलं. शॅननमध्ये सामन मासा, म्हणून शहरात गळ घडवणारे कारागीर, आणि त्यांच्या घडणीला गावाचंच नाव पडलं.

पुडीतला गळ साध्या गोल गळाशेजारी ठेवा. गोल गळाचा वाक सगळीकडे सारखा असतो. लिमरिकची दांडी उतरत येते आणि टोकाच्या बाजूला एकदम वळते. ओढ त्या कोपऱ्यावरच येते, म्हणून गळ तिथंच दगा देतो: पोलाद जास्त कडक असलं तर कट्‌कन तुटतो, मऊ असलं तर फाकतो. वापरायच्या आधी टोक लाकडात रुतवून पक्कडीनं हळू ओढा. किंचित उघडून परत जागेवर आला तर घ्या. फाकलेला गळ पक्कडीनं वाकवून परत लावू नका, पुढच्या मोठ्या माशाला तो हमखास जातो.

मात्रावेडा: कवितेचं असं. हे वृत्त १८ व्या शतकात लिमरिक परगण्यातल्या मेग नदीकाठच्या कवींनी आयरिशमध्ये वापरलं होतं. एडवर्ड लिअर या इंग्रज कवीनं १८४६ मध्ये अशा पद्यांचं पुस्तक काढलं, पण तो त्यांना लिमरिक म्हणत नसे. बैठकीत एकेकानं कडवं रचायचं आणि मधे सगळ्यांनी ‘लिमरिकला येता का?’ असं पालुपद धरायचं, त्यावरून नाव आलं असं मानतात.

पहिली, दुसरी, पाचवी ओळ लांब आणि एका यमकाची. तिसरी-चौथी आखूड, वेगळ्या यमकाची. मराठीत २८ आणि १६ मात्रा छान बसतात:

नवेगावचा गणपत गेला गळ घेऊन पहाटे,
बांधावरती बसला, पायी रुतले बाभुळकाटे;
काटा काढायास वाकला,
मरळीपायी गळच फाकला,
तळ्यात गेली मरळ नि हाती उरले नुसते काटे.

‘बाभूळ’चा भू इथं मुद्दाम ऱ्हस्व केलाय, नाहीतर एक मात्रा वाढते आणि ओळ अडखळते. नवशिक्यांची चूक बहुतेक तिसऱ्या-चौथ्या ओळीत होते. त्या लांबल्या की पाचवीचा झटका जातो.

धानपट्टी: लिमरिक लेस पण असते म्हणे?

आरीकाम: असते. १८२९ मध्ये चार्ल्स वॉकर या इंग्रजानं तिथं कारखाना काढला. यंत्रावर विणलेल्या जाळीवर हातानं भरतकाम, काही सुईनं, काही आकड्यानं. आकड्याचं काम म्हणजे आपल्या ब्लाउजवरची आरीच: जाळी चौकटीवर ताणायची, दोरा खाली धरायचा, आकड्यानं फासा वर ओढायचा. जाळी ढिली राहिली तर आकडा तिच्यातच अडकतो. आणि शेवटचा फासा गाठ मारून बंद करा, नाहीतर टोक ओढलं की सगळी साखळी सरसर उसवते.