एनजीसी १०९७: धुळीच्या रेघा दांड्याच्या कडेलाच का?

प्रश्न: या दंडयुक्त सर्पिल दीर्घिकेत (केंद्रातून ताऱ्यांचा लांबट पट्टा, म्हणजे दांडा, जाणारी दीर्घिका) धुळीच्या काळ्या रेघा दांड्याच्या मधोमध नाहीत, फिरण्याच्या दिशेने पुढच्या कडेला आहेत. असं का? वायू थेट केंद्रातल्या कृष्णविवरात का पडत नाही?

उत्तर १: तारे एकमेकांना न धडकता निघून जातात, वायूला ते जमत नाही. आतल्या भागात वायू दांड्यापेक्षा वेगाने फिरतो, मागून त्याला गाठतो आणि पुढच्या कडेशी आदळून दाबला जातो. तीच काळी रेघ. मग रेघेवरूनच आत घसरतो.

उत्तर २: एक दुरुस्ती सुचवतो. आदळण्याचा धक्का ऊर्जा खातो. पण वायूला आत पडू न देणारा कोनीय संवेग (फिरण्याचा जोर) काढून घेतं दांड्याचं असममित गुरुत्वाकर्षण. केंद्राजवळ गुरुत्वाकर्षणाचा हा पीळ (फिरणं बदलणारा जोर) दुबळा पडतो, म्हणून वायू सुमारे ५,००० प्रकाशवर्षं व्यासाच्या कड्यात साचतो. तिथेच तारे जन्मतात.

उत्तर १: मान्य. कार्बन मोनॉक्साइडच्या वेगनकाशात (कुठला वायू किती वेगाने जातो हे दाखवणाऱ्या नकाशात) रेघ ओलांडताना वेग एकदम बदलतो, तो पाहा.