ना धड अभियंता, ना धड समाजशास्त्रज्ञ?
तंत्रज्ञान आणि समाज यांची सांगड घालणारी पदवी घेणारा ना धड अभियंता होतो, ना धड समाजशास्त्रज्ञ, हा आक्षेप मला अर्धाच पटतो. मुंबईच्या आयआयटीत १९८५ पासून असलेल्या ‘सितारा’ (CTARA) या ग्रामीण भागासाठी पर्यायी तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या केंद्राने २००७ मध्ये ‘तंत्रज्ञान आणि विकास’ या विषयात एम.टेक. सुरू केले आणि त्यात विद्यार्थ्याला काही आठवडे खेड्यात राहावे लागते. नळपाणी योजना का बंद पडली हे शोधायचे तर पंपाची क्षमता आणि जलवाहिनीचा व्यास यांचे गणित मांडावे लागतेच, पण थकलेले वीजबिल, न भरलेली पाणीपट्टी आणि खालच्या आळीलाच आधी मिळणारे पाणी यांचाही हिशेब लावावा लागतो (तो प्रयोगशाळेत बसून लागत नाही). नोकरीच्या जाहिरातींत या पदवीसाठी सहसा रकानाच नसतो, ही तक्रार मात्र रास्त आहे.