माहेरचा माग जमिनीच्या कागदांतून

घराण्याचा माग काढताना, बैलगाडीने अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या ऑरेगॉनला गेलेल्या तुमच्या पूर्वज बाईंचं माहेर १८५० च्या मागे सापडत नाही, असं तुम्ही विचारलंय. अडचण खरी आहे. १८४० पर्यंतच्या अमेरिकन जनगणनेत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव असे. बायको, मुली म्हणजे वयाच्या रकान्यातले आकडे. म्हणून मी जनगणना बाजूला ठेवून जमिनीकडे वळेन.

१८५० च्या ऑरेगॉन जमीन कायद्याने आधी येऊन वसलेल्या जोडप्याला ६४० एकर मिळत, आणि त्यातली निम्मी जमीन बायकोच्या स्वतःच्या नावावर! त्या काळात ही फार मोठी गोष्ट होती. अर्जात लग्न कधी आणि कुठे झालं तेही सांगावं लागे. ते गाव कळलं की तिथल्या काउंटीची (म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाची) विवाहनोंद काढायची. माहेरचं आडनाव बहुधा तिथेच मिळतं.

पण वाटेतच गेलेल्या बायकांचं काय? स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या ॲबिगेल स्कॉट डनिवेची आई ॲन रोलोफसन १८५२ मध्ये वाटेवरच्या फोर्ट लॅरमी या ठाण्याच्या परिसरात कॉलऱ्याने गेली. ऑरेगॉनला पोचलीच नाही, मग जमिनीच्या कागदात ती कुठून येणार? तिचा मृत्यू कळतो तो लेकीने प्रवासात लिहिलेल्या रोजनिशीतून. म्हणून त्याच तांड्यातल्या इतरांच्या रोजनिशा आणि पत्रंही जरूर पाहा. तुमच्या बाईंचं लग्न कुठे झालं, हे कुठे नोंदलेलं आहे का? असेल तर इथे लिहा, पुढचं मिळून शोधू.