६.५ क्रीडमूर: सापडलेला ‘फ्लॅट स्पॉट’ पुढच्या शनिवारी गायब

फिनिक्सचा_सांगलीकर

नमस्कार मंडळी. इथे रायफलवाले कितीजण आहेत माहीत नाही, पण अमेरिकेतले दोन-चार तरी निघतील म्हणून विचारतो.

फिनिक्सच्या बेन एव्हरी रेंजवर हजार यार्डांवर एफ-क्लास (झोपून, रायफल टेकूवर ठेवून) मारतो. रायफल ६.५ क्रीडमूर (हे काडतुसाचं माप), नळीतून आजवर साडेसहाशे गोळ्या गेल्यात. काडतुसं गॅरेजमध्ये स्वतः भरतो. (आईला फोनवर सहज म्हणालो, "दारू मोजतोय, नंतर करतो." पलीकडे बराच वेळ शांतता.)

पुंगळ्या (काडतुसाची पितळी कवचं) लापुआच्या, लहान प्रायमरवाल्या (प्रायमर म्हणजे दारू पेटवणारी टोपी), चौथ्यांदा भरतोय. सायझिंगमध्ये (पुंगळी पुन्हा मापात दाबताना) तिचा खांदा दोन थाउ, म्हणजे इंचाचे दोन हजारांश, मागे ढकलतो. दारू एच-४३५०, बुलेट (उडून जाणारा भाग) हॉर्नाडीची १४० ग्रेन ईएलडी मॅच; एक ग्रेन म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम.

यूट्यूबवर बघून दहा गोळ्यांची शिडी केली. प्रत्येक गोळीला ०.२ ग्रेन दारू जास्त, आणि रडारवर वेग बघायचा. वेग साधारण दहा-दहाने चढत होता, आणि मध्ये लागोपाठ तीन गोळ्या आल्या: २६६८, २६७१, २६७३ एफपीएस (सेकंदाला फूट). म्हणजे ०.४ ग्रेन वाढवूनही वेग जवळपास तोच. हाच तो फ्लॅट स्पॉट, हाच नोड, म्हणजे दारू थोडी कमी-जास्त झाली तरी वेग न बदलणारी जागा! मधलं माप घेऊन तीन गोळ्यांचा ग्रूप मारला, १०० यार्डांवर छिद्रांची पसरण ०.४ इंच. घरी येऊन बायकोला कागद दाखवला. तिने "छान" म्हटलं आणि कागदावर कोथिंबीर निवडली.

पुढच्या शनिवारी त्याच तीन मापांच्या पाच-पाच गोळ्या मारल्या. वेगाचे एसडी (प्रमाण विचलन) आले १४, ६ आणि ११. चौदा आला तो नेमका माझ्या लाडक्या मधल्या मापाचा. ग्रूप ०.९. हजार यार्डांवर उभी पसरण इतकी, की दोन गोळ्या आठच्या रिंगणात.

आता काय बदलू? सीटिंग डेप्थ (बुलेट पुंगळीत किती खोल बसवायची), प्रायमर, की एनीलिंग मशीन (पुंगळीचं तोंड तापवून मऊ करणारं) घ्यावं?

बाराबोअर

०.२ ची पायरी मोठी होते. नोड बारीक असतो, तुझ्या दोन पायऱ्यांच्या मधून निसटला. ०.१ ने पुन्हा शिडी कर. आणि चार वेळा भरलेल्या पुंगळ्या एनील न करता वापरतोस म्हणजे कमालच आहे. मशीन घे, उगाच विचार करू नको.

गेजमास्तर

मशीनचे पैसे सध्या खिशातच ठेव. आधी हिशोब बघू.

माझी ओळख: पिंपरीत गिअर बनवणाऱ्या कारखान्यात अठरा वर्षं क्वालिटीत होतो, आता बरीच वर्षं ओहायोत. .३०८ काडतुसाची रायफल मारतो, वय झालं म्हणून हल्ली सहाशे यार्डांपर्यंतच.

कारखान्यात नवा पोरगा तीन नग मोजून "सर, मशीन सेट झालं" असं सांगत आला की मी त्याला आर चार्टचा तक्ता दाखवायचो. त्यात d२ नावाचा गुणक असतो. मशीन तेच, फरक तोच, पण तीन नग मोजलेस तर सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान नगातलं अंतर सरासरीने एसडीच्या १.६९ पट दिसतं. पाच मोजलेस तर २.३३ पट, दहा मोजलेस तर ३.०८ पट. माल बदललेला नसतो, फक्त तू जास्त वेळ बघितलेलं असतं. तुझा ०.४ चा ग्रूप तीन गोळ्यांचा आणि ०.९ चा पाचांचा. त्यांची तुलनाच मुळात होत नाही.

आता एसडी घे. पाच गोळ्यांवरून काढलेला एसडी म्हणजे फार ढिली गोष्ट. रडारने ६ दाखवला तर खरा ३.६ पासून १७ पर्यंत कुठेही असू शकतो, ९५ टक्के खात्रीने. १४ चा पट्टा ८.४ ते ४०. ११ चा ६.६ ते ३२. बघ, १० किंवा ११ हा आकडा तिन्ही पट्ट्यांत बसतो. तिन्ही मिळून काढलास तर ११ च्या जवळ येतो. म्हणजे तुझ्याकडे एक चांगलं आणि दोन वाईट लोड आहेत असं म्हणायला काही पुरावा नाही. सगळ्या गोळ्या ११ वाल्याच आहेत असं धर.

मग तो फ्लॅट स्पॉट? ०.४ ग्रेनला वेग साधारण वीस-एकवीस एफपीएस वाढायला हवा होता, पाचच वाढला. पंधरा-सोळाची तफावत. पण एसडी ११ असलेल्या दोन सुट्या गोळ्यांच्या वेगातला फरक असाच पंधराएकाने इकडेतिकडे हलतो. तू नाणं उडवलंस, लागोपाठ तीनदा छापा आला आणि तू त्याला नोड म्हणालास. बाराबोअर, राग मानू नकोस, पण ०.१ च्या पायऱ्या केल्या तर असे छापे अजून जास्त दिसतील.

तरीही तुझी तक्रार खरी आहे. या गोळीला हजार यार्डांवर १० एफपीएसचा फरक म्हणजे अडीच-तीन इंच वर-खाली, आणि दहाचं रिंगण सगळं मिळून दहा इंचांचं. ११ एसडीने गोळी तीनेक इंच वर-खाली होणारच, आणि त्यात तुझे हात आणि मिराज (तापलेल्या हवेची थरथर) आले की दोन गोळ्या आठात जाऊ शकतात. वाऱ्याचं तर बोलूच नये: ताशी एक मैलाचा अंदाज चुकला की सहाएक इंच बाजूला.

मी असतो तर असं केलं असतं. मॅन्युअलमधल्या कमाल मापाच्या बऱ्यापैकी खाली, जिथे प्रायमर सपाट होत नाही आणि बोल्ट जड उघडत नाही (या जास्त दाबाच्या खुणा), असं एक माप ठरवायचं. तीस गोळ्या भरायच्या आणि तिसांचा एसडी काढायचा. तीसवर पट्टा ०.८ ते १.३४ पट, त्यावर काहीतरी बोलता येतं. मग एकच गोष्ट बदलायची आणि पुन्हा तीस. नळी अडीच हजार गोळ्यांची धर, म्हणजे असे प्रयोग तुला मोजकेच परवडतील. म्हणून पहिला प्रयोग फुकटचा कर: काटा तपास. ०.१ ग्रेनला तुझा वेग पाचाने हलतो. काटा ०.२ ने खोटं बोलत असेल तर बाकी सगळं सोनं असून उपयोग नाही.

कुठला काटा आहे, आणि कुठे ठेवतोस?

पॉइंटटूटू_पुणे

मी बालेवाडीला .२२ ने ५० मीटर प्रोन (झोपून) मारते. आमच्याकडे घरी भरायचा प्रश्नच नाही. गोळ्या बनवायला शस्त्र कायद्याखाली वेगळा परवाना लागतो, आणि .२२ मध्ये प्रायमर पुंगळीच्या कडेतच असतो, ती परत काय भरणार. तरी हा धागा वाचून हसू आलं, कारण हाच खड्डा मी वेगळ्या रस्त्याने येऊन गाठला होता.

आम्ही लॉट (एका खेपेत बनलेल्या गोळ्या) निवडतो. ब्रँड तोच, डबा तोच, फक्त लॉट नंबर वेगळा, आणि एकाच रायफलला एक लॉट आवडतो, दुसरा आवडत नाही. मोठे नेमबाज रायफल घेऊन लापुआच्या जर्मनीतल्या श्योनेबेकच्या टेस्ट रेंजवर जातात, तिथे नळी शिकंज्यात धरून लॉटमागून लॉट मारतात. मी काय केलं? दोन लॉट, पाच-पाच गोळ्या, एकाचा ग्रूप एका छिद्राचा आला आणि त्याच लॉटच्या दोन हजार गोळ्या घेतल्या. ५० मीटरवर दहाचं रिंगण १०.४ मिलिमीटरचं असतं. सहा महिने मी नऊ मारत होते आणि स्वतःचा ट्रिगर सुधारत होते. नंतर चाळीस-चाळीस मारून बघितलं, तर नाकारलेला लॉट बरा निघाला. तो तोवर संपला होता, अर्थात.

पॅरिसला स्वप्नील कुसाळेचं ब्राँझ आलं तेव्हापासून नवी मुलं रेंजवर पहिला प्रश्न "ताई, गोळी कुठली?" हाच विचारतात. किती मारून बघितली, हे मी त्यांना उलट विचारते.

फिनिक्सचा_सांगलीकर

काका, काट्याचं विचारलंत आणि माझी विकेट गेली.

काटा डिजिटल आहे, लोडसेलवाला. ठेवतो वर्कबेंचवर, आणि बेंच कूलरच्या झोतासमोर. ऍरिझोनात जूनमध्ये गॅरेजला कूलर लावला नाही तर माणूस शिजेल. तुमचं वाचून एकच बुलेट दर दहा मिनिटांनी काट्यावर ठेवली. १४०.१, १४०.३, १३९.८, १४०.०. बुलेट तीच! कूलर बंद करून, काटा अर्धा तास तापू देऊन पुन्हा केलं, तर सहाही वेळा १४०.१.

माझे मामा सांगलीत सराफ. सोनं जोखायच्या आधी पेढीवरचा पंखा बंद करायचे. लहानपणी त्या उकाड्यात मी चिडायचो. एक गुंज म्हणजे जवळजवळ दोन ग्रेन, म्हणजे मी गुंजेचा विसावा भाग मोजायला निघालो होतो, तोही कूलर लावून.

आधी कूलरवाल्याच तीस मारल्या: एसडी ११.२, तुम्ही म्हणालात तसाच. मग पहाटे पाचला, गॅरेज थंड असताना, कूलर बंद ठेवून त्याच मापाच्या तीस भरल्या: ८.१. पहाटेच मारल्या, कारण दुपारी गोळी चेंबरमध्ये जरा जास्त वेळ राहिली तरी तापते आणि वेग बदलतो. सीटिंग डेप्थला हात लावलेला नाही. मशीन घेतलेलं नाही. बायको खूश.

म्हणजे सुटलं ना कोडं?

गेजमास्तर

पेढीची गोष्ट आवडली. आमच्या गेज रूममध्येही पंखा नव्हता.

पण ११.२ आणि ८.१, दोन्ही तिसांवर. वर्ग करून भागाकार कर: १.९१. फरक खरा म्हणायला, तीस-तीसला दोन्ही बाजूंनी बघायचं तर, किमान २.१० लागतो. शिवाय तू पहाटही बदललीस, फक्त कूलर नाही. अजून एकदा तीस मार. आणि कूलर बंदच ठेव, त्याला पुरावा लागत नाही.