आईच्या वर्षश्राद्धाला पुस्तिका काढायचीय, जन्मसाल काय घालू आणि लिहू तरी काय?

धाकटी_निपाणीची
नमस्कार मंडळी. आमची आई गेल्या श्रावणात गेली, निपाणीतच, लग्न होऊन ज्या घरात आली त्याच घरात. नव्वदीला टेकली होती एवढं नक्की. वर्षश्राद्धाला सोळा पानांची पुस्तिका काढायचं ठरलंय आणि मजकूर माझ्या गळ्यात, कारण मी शाळेत मराठी शिकवते. घोळ असा की रेशन कार्डावरच्या वयावरून जन्म १९३८ चा येतो आणि मतदान कार्डावरून १९३१ चा. थोरला दादा म्हणतो ३१ घाल, वय जास्त दिसलेलं बरं!
दुसरं म्हणजे दादानं नमुना पाठवलाय, 'अमुक यांच्या धर्मपत्नी, प्रेमळ, कष्टाळू, सोशिक, धर्मपरायण'. हे वाचून गल्लीतल्या कुठल्याबी म्हातारीचा फोटो वर लावला तरी खपून जाईल. आणि सोशिक तर ती नव्हतीच हो, वाळत घातलेल्या सांडग्यांना कुणाच्या शेरडानं तोंड लावलं तर शेरडाच्या मालकाच्या सात पिढ्या निघायच्या. तुमच्यात कुणी असं काही लिहिलंय का?

संकेश्वरकर
ताई, कार्डावरच्या वयाचं मनावर घेऊ नका. फॉर्म भरणारा तोंडाकडं बघून आकडा टाकायचा. शाळेत गेल्या असतील तर माहेरच्या गावच्या शाळेत जनरल रजिस्टर बघा आणि माहेरच्या नावानं बघा, आमच्या आज्जीचं लग्नात नाव बदललेलं, आम्ही आठ दिवस सासरचं नाव शोधत बसलेलो. नाहीतर त्या कशावरून काळ मोजायच्या ते आठवा. आज्जी म्हणायची, "गांधीबाबा गेले तवा तुझा बा पोटात होता", म्हणजे जानेवारी १९४८. अशी एक खुंटी सापडली की बाकीचं तिला टांगता येतं. कोयनेचा भूकंप धरा, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. त्या वेळी पाळण्यात कोण होतं?

धाकटी_निपाणीची
पाळण्यात मीच! मला उचलायचं सोडून आई आधी उतरंड धरायला धावली, हे ती स्वतःच हसत सांगायची.

रिकामटेकडा
पुस्तिका कोण वाचतंय आजकाल, तेवढ्या पैशात पोरांना वह्या वाटा की.

धाकटी_निपाणीची
वह्या पण वाटणार आहोत, दादा.

खानापूरची_सून
आमच्या सासूबाई गेल्या तेव्हा मी पण असंच लिहायला बसलेले. घरच्यांना विचारलं तर सगळे 'लई मायाळू' एवढंच सांगतात, म्हणून मी शेजारणींकडं गेले. पलीकडच्या कानडी मावशींनी "बर्री, कुंड्री" करून बसवून घेतलं आणि दोन तास बोलल्या. सासूबाई संक्रांतीला शेंगांच्या पोळ्या मोजून करायच्या आणि त्यातल्या चार कुणाला न सांगता त्यांच्याकडं पोचवायच्या, हे आम्हाला घरात राहून माहीत नव्हतं. दोघींची भाषा अर्धी मराठी अर्धी कानडी, भांडण मात्र ज्या त्या आपापल्या भाषेत करायच्या.
अजून एक, त्यांच्या ट्रंकेत माहेरची जुनी पत्रं होती. आधीच्या पत्त्यावर मुंबई राज्य, १ नोव्हेंबर १९५६ नंतरच्यांवर म्हैसूर राज्य, १९७३ नंतर कर्नाटक. बाई उंबऱ्याच्या आतच आणि पत्ता दोनदा बदलला. मी त्या तीन पाकिटांचे फोटो छापले. आमच्यात एक काका म्हणाले सीमाप्रश्न कशाला आणतेस श्राद्धात, मी म्हटलं मी कुठं आणलाय, पाकिटांवर आहे.

पान_तंबाखू_दोरा
निपाणीच्या म्हणता, मग विड्या वळत होत्या काय? विडी कामगारांचा कायदा १९६६ चा, त्यानंतर कारखानदारांना हजेरी, कार्ड ठेवावी लागली. जुन्या डब्यात कार्ड किंवा पासबुक असणारच, त्यावर वय असतं. माझी आई रोज हजार वळायची. रात्री पानं ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवायची, पहाटे पत्र्याच्या मापानं कातरायची, मग मांडीवर सूप आणि दिवसभर हात. बोलताना, रागावताना, पाळणा हलवताना पण हात थांबायचा नाही. आणि संध्याकाळी कारखान्यात छाट काढून शेकड्यानं विड्या बाजूला टाकायचे, त्याचे पैसे नाहीत. ते पण लिहा ताई.

धाकटी_निपाणीची
मंडळी, तुमचं ऐकून काल माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला. बटणं, सुया, दादाची पडलेली दुधाची दातं (ती का ठेवली होती देव जाणे) आणि खाली विडीचं कार्ड! कार्ड १९७८ चं, वय ४५. म्हणजे १९३३. आता कार्डवाल्यानं पण तोंडाकडं बघूनच घातलं असंल, पण मी 'अंदाजे १९३३' घालणार, दादा रुसला तर रुसू दे.
८१ सालच्या शेतकऱ्यांच्या तंबाखू आंदोलनात मामा पुणे-बेंगळूर हायवेवर बसलेला, तेव्हा आई विड्या बाजूला ठेवून पहाटेच तीस-तीस भाकरी थापायची आणि खर्डा देऊन पाठवायची. ६ एप्रिलला पोलिसांचा गोळीबार झाला त्या दिवशी पण पाठवलेल्या, टोपलं परत आलंच नाही. मामा सुखरूप आला. टोपल्याचं मात्र ती पुढं दहा वर्षं बोलून दाखवायची.
कार्डावर सहीच्या जागी अंगठा आहे. आई चांगली वाचायची, श्रावणात अख्ख्या गल्लीला पोथी वाचून दाखवायची, पण सगळ्या बायकांचा अंगठाच घेत होते म्हणे, कोण विचारत बसतंय. ठशात मधोमध आडवी पांढरी रेघ आहे. मी आधी कागदाची घडी समजले. मग आठवलं, कात्री लागून तिथं खोल कापलेलं, ते शेवटपर्यंत तसंच होतं.
फोटोऐवजी मुखपृष्ठावर तो ठसा मोठा करून घ्यावा म्हणते. वहिनी म्हणते लोक नावं ठेवतील. ठेवू देत. कार्ड लई विरलंय, हाताळलं की कोपरे गळतात, बेळगावात असं जुनं कागद नीट स्कॅन करून देणारं कोण आहे काय?