जुन्या ट्रॅक सायकलच्या चिमट्याला ब्रेकसाठी भोक पाडावं का?

भाट्येकर:
काका बोटीवर होते. 1970 च्या सुमारास त्यांनी इंग्लंडहून ट्रॅक सायकलची फ्रेम आणली, रेनॉल्ड्स 531 या पोलादी नळ्यांची. सोबत कॅम्पॅग्नोलो कंपनीचे ट्रॅकसाठीचे ‘पिस्ता’ हब (चाकाचे मधले भाग) आणि क्रँक (पॅडलचे दांडे). इतकी वर्षं सगळं रत्नागिरीत माळ्यावर होतं. गेल्या महिन्यात खाली काढलं. सीटचा ॲल्युमिनियमचा दांडा खाऱ्या हवेनं लोखंडी नळीत असा धरला होता की तीन दिवस तेल सोडावं लागलं. चौथ्या दिवशी कर्र करत जरासा फिरला आणि फटीतून पांढरी भुकटी गळली. तेव्हाच ठरवलं, ही भिंतीवर टांगायची नाही, चालवायची.

ट्रॅक सायकलला फ्रीव्हील नाही, ब्रेकही नाहीत. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणारच. आणि आपल्याकडे आरे-वारेचा उतार! म्हणून माझं मत: भाग सगळे जुनेच लावावेत, फक्त चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या) माथ्याला भोक पाडून पुढचा ब्रेक बसवावा.

खाडीपलीकडे:
भोक पाडायला माझा ठाम विरोध आहे. ब्रेक दाबला की सगळा जोर माथ्यावरच येतो, आणि हा माथा ब्रेकसाठी घडवलेलाच नाही. एकदा पाडलेलं भोक पुन्हा बुजत नाही. काकांनी जपून आणलेली वस्तू आहे ही! एक इंची आट्यांचा दुसरा चिमटा घ्या, त्याला ब्रेक लावा, मूळचा ग्रीस लावून गुंडाळून ठेवा. उंची मात्र मोजून घ्या. नवा चिमटा उंच निघाला तर पुढची बाजू वर उचलली जाते आणि हँडल जड वळतं.

घाटवाट:
तुम्ही दोघं चिमट्यावर भांडताय, मला भीती क्रँकची वाटते. कॅम्पॅग्नोलोच्या त्या काळातल्या क्रँकना, दांड्याला दातेरी चक्राचे हात मिळतात त्या बेचक्यात, केसासारखी चीर पडते, हे जुन्या सायकलवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. उतारावर पाय उलटा रोखताना क्रँक तुटला तर काय? ही सायकल व्हेलोड्रोमची, म्हणजे सायकल शर्यतीच्या बांधीव ट्रॅकची. पुण्यात बालेवाडीला न्या, तिथे हवी तितकी पळवा. आपल्या वळणांवर वाळू असते, पावसाळ्यात लाल चिखल.

भाट्येकर:
क्रँक रॉकेलनं धुऊन भिंगाखाली पाहिले, चीर नाही. गिअर 48-16 (पुढच्या आणि मागच्या चक्राचे दात) ठेवणार होतो. पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचे बरोबर तीन फेरे. पण मग पाय रोखून चाक घसरवलं की टायर दर वेळी एकाच जागी घासतो, म्हणून 46-18 घेतोय. त्यात घासण्याच्या जागा नऊ होतात.

घाटवाट:
टायर वाचला, पण उतारावर ताशी 40 चा वेग आला की 46-18 वर पाय मिनिटाला 120 हून जास्त फेरे मारणार. सवय नसेल तर पॅडल तुम्हालाच सीटवरून उडवेल. ब्रेक असला तरी हे टळत नाही.

जांभ्याचं अंगण:
वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं, म्हणून दोन गोष्टी सांगते. मागच्या हबची लॉकरिंग (दातेरी चक्र घट्ट धरणारी कडी) उलट्या आट्यांची असते. आमच्याकडे एक हब आला होता, कुणीतरी नेहमीच्या दिशेनं हातोडी मारून आटेच खाल्ले होते. दुसरं, फ्रेमच्या नळ्यांत आतून तेल फिरवा आणि बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँकचा आस बसतो त्या) कवचात पाणी साचू देऊ नका. समुद्राकाठी गंज आतून सुरू होतो. रंग शाबूत दिसतो आणि नळी आत पोखरलेली असते. चालवायला माझा पाठिंबा आहे, पण चिमटा वेगळाच घ्या.

भाट्येकर:
चिमट्याचं पटलं, भोक पाडत नाही. मूळचा आजच जुन्या धोतरात गुंडाळून कपाटात ठेवला. आरे-वारेही तूर्त नको. आधी भाट्याच्या पुलापलीकडे सपाटीवर महिनाभर चालवतो. क्रँक मात्र काकांचेच राहतील.

घाटवाट:
क्रँकचं मला अजूनही पटलेलं नाही. लावणारच असाल तर दर महिन्याला काढून बेचकी तपासा, आणि रेष दिसली तर त्याच दिवशी उतरवा.